आओ चानिवला

लकी लहरीचं ते गाणं अंबरनाथ पूर्वेला रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीबरोबर यायचं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आधी 'टण टण', मग एका बाईचा आवाज, 'आओ चानिवला', आणि मग ढोलकीवर लकी लहरी सुटायचा. तो सुटला की तिसऱ्या मजल्यावर सदू कानावर उशी दाबायचा. उपयोग नसे. सदूचं मत असं, की ते गाणं कापसातून गाळलं की उलट जास्त स्वच्छ ऐकू येतं.

कचरा गेला की खालच्या जिममध्ये तेच. जिमनंतर समोर दातांच्या दवाखान्यात तेच, मध्ये मध्ये ड्रिलची साथ. बँकेला फोन लावावा तर 'कृपया प्रतीक्षा करा', आणि प्रतीक्षेत टण टण. बदलापूरची हळद असो नाहीतर वांगणीची, नवरदेवाला हळद मागाहून लागे, आधी हे गाणं लागे. लोक दोनदा टाळी वाजवत आणि मान गर्रकन मागे वळवत. चिखलोलीच्या धरणावर एका बगळ्याला आपण दोनदा पंख आपटून मान वळवताना पाहिलं, असं सदू सांगायचा. पण सदूचं सांगणं हा वेगळाच विषय आहे, तो येईलच पुढे.

मान वळवायची ती अशासाठी, की लकी लहरीने एका मुलाखतीत सांगून ठेवलं होतं, चानी ही त्याची पहिली प्रेयसी. ती रुसून निघाली होती, आणि तिची मैत्रीण तिला मागून म्हणत होती, 'ओ चानी, वळा.' मैत्रिणीला 'वळा' म्हणण्याइतकी अदब लहरीच्या गावाकडे, बारवीच्या बाजूला, कुठल्या पोरींत असते, हे मुलाखत घेणारीने विचारलं नाही. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मोबाईलची कव्हरं विकणारे परसराम शेठ म्हणत की शब्द सरळसरळ सिंधी आहे. 'छा' म्हणजे 'काय', एवढं तर आमचं शेंबडं पोरही सांगेल. आणि पुढच्या 'निवला'चं काय, तर तो फाळणीत तिकडेच राहिला. सदूचा मुलगा सुयोग याला त्याच्या कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं की ते स्पॅनिश आहे.

खरं काय ते अख्ख्या पृथ्वीवर दोन माणसांना ठाऊक होतं. एक लकी लहरी, तो सांगणार नव्हता. दुसरा सदू, तो सांगून सांगून थकला होता.

गाण्यातली ती बाई म्हणजे सदूची बायको इंदुबाई होती. आणि ती म्हणत होती, 'अवो, चा निवला.'

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर लोकांनी मानली असती. पण सांगणारा सदू होता. ज्या पावसाळ्यात वालधुनी नदी त्याच्या गाणी भरायच्या दुकानात शिरली, त्या पावसाळ्यात त्याच्या कॅसेटी वाहून गेल्या हे खरं. पण त्यानंतर कॅम्पातल्या बाजारातली मासळी तव्यावर टाकली की ठुमरी म्हणायला लागली, हे सदूचं. त्याचा मेव्हणा जनू वांगणीच्या पुढे भातशेती करायचा, तो उरलेल्या पोतंभर जुन्या कॅसेटी घेऊन गेला आणि पाखरं हाकलायला त्यांच्या फिती शेताभोवती बांधल्या, हेही खरं. पण वारा सुटला की त्या फितींतून गझल ऐकू यायची, बांधावरचे कावळे 'वाहवा' करायचे, आणि त्या वर्षीचं भात इतकं उदास पिकलं की जेवताना माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं, हे परत सदूचंच.

इंदुबाई नवी नवरी असताना हे सगळं मानायची. टेपरेकॉर्डरच्या आत एक बुटका गवई बसतो, आणि गाणं मागे घेतलं की बिचारा उलटा चालत घरी जातो, असं सदूने तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ती डोळे मोठे करून म्हणाली होती, 'खरंच?' दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या फटीशी रोज गुळाचा खडा दिसायला लागला. मशीनला मुंग्या लागल्या, आतला पट्टा गेला, सदू चार दिवस स्क्रू खोलून बसला, पण त्याने तिला एका शब्दाने विचारलं नाही. त्या 'खरंच?'साठी माणसाने अशी चार मशीनं मुंग्यांना घातली असती.

पुढे त्या 'खरंच?'चं 'हो का' झालं. 'हो का'चं 'हं' झालं. आणि अलीकडे तर 'हं'सुद्धा मिक्सर चालू असेल तेव्हाच मिळायचं, म्हणजे मिळालं की नाही तेही नक्की कळायचं नाही. सदूला आता कुठली थाप कुणाच्या गळी उतरवायची हौस उरली नव्हती. थापाही थकतात. त्याला एवढंच हवं होतं की ही एक खरी गोष्ट इंदुबाईने मानावी, आणि मरायच्या आधी एकदा तरी ते 'खरंच?' परत ऐकायला मिळावं.

आणि नेमकी तीच मानायला तयार नव्हती. लकी लहरीशी तिचं भांडण नव्हतं. 'त्याचा गळा बरा हाय,' ती म्हणायची. 'पण ती कोण भवानी मधीच वरडते, तिला कुणी शिकवलं का नाय? अशी वरडते जशी काय घराला आग लागलीय.'

सदू म्हणायचा, अगं, ती तूच.

'हं,' इंदुबाई म्हणायची, आणि मिक्सर चालू करायची.

ते घडलं होतं असं.

तेव्हा दोघं कॅम्प दोनमध्ये बराकीच्या एका खोलीत राहायची. पुढे दुकान, मागे संसार, मध्ये पडदा. दुकानावर पाटी 'संजीवनी रेकॉर्डिंग सेंटर', कारण पाटी सदूच्या सासूबाईंनी करून दिली आणि नाव आपलंच घालून घेतलं. गिऱ्हाइकाने कोरी कॅसेट आणायची, गाण्यांची नावं सांगायची, सदू भरून द्यायचा. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या किती लग्नांत, किती रिक्षांत, किती प्रेमभंगांत सदूने भरलेली गाणी वाजली याला गणती नव्हती.

एक दिवस देऊ आला. बारवी धरणाच्या अंगाच्या पाड्यावरचा, काखेत ढोलकी, स्वतःचं गाणं भरून द्या म्हणाला. सदूने भिंतींना गोधड्या टांगल्या, दोन खोक्यांवर माईक उभा केला आणि देऊला गायला लावलं. देऊच्या गाण्यात तेव्हा कुणी चानी नव्हती, एक पिंकी होती. पडद्यामागे इंदुबाईने तिघांचा चहा टाकला. झाला म्हणून तिने एकदा हळू सांगितलं, सदूने हात हलवला. परत सांगितलं, परत हात. मग देऊ दुसऱ्या कडव्यात शिरून श्वास घ्यायला थांबला, नेमकी त्याच क्षणाला तिने सांडशी पातेल्याच्या कडेवर दोनदा आपटली. ही तिची सवय, हाकेच्या आधीची घंटा. आणि मोकळ्या गळ्याने म्हणाली, 'अवो, चा निवला.'

सदूने कपाळाला हात लावला. परत भरावं म्हटलं तर देऊची गाडी चुकत होती. देऊच म्हणाला, 'राहू द्या सदूभाऊ. ऐकतंय कोण?'

त्यानंतर जगाचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सदूने कॅसेटी भरल्या. कॅसेटी गेल्या, त्याने सीड्या भरल्या. सीड्या गेल्या, त्याने पेनड्राइव्ह भरले, मोबाईलची मेमरी कार्डं भरली. नखाएवढ्या कार्डात हजार गाणी भरताना त्याला वाटायचं, आपण हत्तीला नथीच्या भोकातून ओढतोय. मग गाणी हवेतून यायला लागली आणि भरायला काही उरलंच नाही. दुकान परसराम शेठनी घेतलं. सदू कधीमधी तिथे जाऊन बसायचा, कव्हरांकडे बघायचा. आधी आत काय आहे याला महत्त्व होतं, आता वरून काय घातलंय याला, एवढंच त्याला त्यातून कळलं.

देऊचा दरम्यान लकी लहरी झाला होता. केस नारिंगी, चष्मा निळा. एवढ्या वर्षांत त्याने बरीच गाणी केली, ती हळदीत वाजून विरली. मग कुणीतरी ती जुनी कॅसेट कुठून तरी काढून इंटरनेटवर टाकली. दुसऱ्या कुणीतरी टण टण आणि ती हाक कापून गाण्याच्या तोंडाशी आणून बसवली, आणि देश नाचायला लागला. लहरीनेही थापच मारली, चानीची. पण त्याच्या थापेसमोर माईक होता आणि सदूच्या खऱ्यासमोर मिक्सर.

घरात या गाण्यावरून रोज जेवताना परिषद भरायची. सुयोग म्हणायचा, बाबा, व्ह्यूज बघा ना, एवढे लोक काय येडे आहेत? सून तेजल म्हणायची, 'बाबा, क्रिंज आहे, मान्य. पण डोक्यातून जात नाही ना. अंघोळीलासुद्धा तेच येतं.' सदूचं स्वतःचं मत मधलं होतं. देऊचा गळा वाईट नव्हता, अक्कल बेताची होती, आणि गाण्यात एवढं पुरतं. पण हापूस आंबासुद्धा रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीतून आला तर माणूस त्याला हात लावणार नाही. सदूला त्या गाण्याचा वीट आला होता, शिसारी आली होती. फक्त एक गोष्ट त्याने परिषदेत कधी बोलून दाखवली नाही. उशी तो कानावर दाबायचा ती टण टण आणि ती हाक होऊन गेल्यावर. आधी कधी नाही.

पुरावा हवा, असं सदूने ठरवलं. थापाड्याला पुरावा शोधायची वेळ येणं म्हणजे कोल्ह्याने कोंबडीची पावती ठेवण्यासारखं, पण इलाज नव्हता. देऊच्या कॅसेटची एक नक्कल त्याने तेव्हा ठेवली होती, आणि ती त्या पोत्यातून जनूकडे गेली असणार.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा तो वांगणीला गेला. जनूची बायको जिजा हिने कॅसेटींची रिकामी खोकी परसात अळूभोवती कुंपणासारखी रोवली होती. त्यात वाकून वाकून शोधताना सदूला आपलंच अक्षर दिसलं, पावसाने अर्धं धुतलेलं: 'देऊ, बारवी.' आत फीत नव्हती.

'फीत?' जनू म्हणाला. 'असंल हितंच कुठं.' आणि त्याने शेताकडे हात केला.

शेताच्या चारी अंगांनी काठ्या रोवल्या होत्या आणि काठ्यांवरून तपकिरी फिती उन्हात चमकत होत्या. त्यातली कुठली तरी हात-दोन हात फीत म्हणजे इंदुबाईचा तरणा आवाज होता. सदू बांधावर उभा राहिला. वारा सुटला. आयुष्यभर ज्याने लोकांना सांगितलं की या फितींतून गझल ऐकू येते, त्याने आजूबाजूला कुणी नाही असं बघून कान लावला.

नुसती फडफड होती.

घरी आल्यावर इंदुबाईने विचारलं, 'काय म्हनत व्हत्या गझला?' सदू पाय धुवायला गेला. थाप आली नाही याचं तिला जरा नवल वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिने मिक्सर लावला नाही.

मग घरात मैना आली.

मैना म्हणजे लाडवाच्या डब्याएवढा एक स्पीकर. तेजलने आणला, आणि त्याचं नाव मैना तिनेच ठेवलं. 'बाबा, आता काही दाबायचं नाही, काही शोधायचं नाही. मैना म्हणायचं आणि गाणं सांगायचं. बस.' सदूला ते मनातून लागलं. गाणं सांगायचं आणि समोरच्याने द्यायचं, हेच तर त्याने जन्मभर केलं होतं. फरक इतकाच, की गिऱ्हाइकाने 'ते आपलं ते पावसाचं, तो पडद्यामागून डोकावतो ते' एवढं सांगितलं तरी सदूला कळायचं. मैनेला कळायचं नाही. तिचं मराठी तहसील कचेरीतलं होतं. 'क्षमा करा, मला समजले नाही,' ती म्हणायची, आणि जास्त विचारलं की सरळ लकी लहरी लावायची. सदूने भजन मागितलं, लहरी आला. लावणी मागितली, लहरी आला. एकदा त्याला खोकला आला, तरी लहरीच आला.

'बाबा, तुम्ही मध्ये थांबता,' तेजल शिकवायची. 'नाव एका दमात घ्यायचं.' तीही दमली होती. सासऱ्याला डिजिटल करणं हे ऑफिसपेक्षा कठीण आहे, असं ती फोनवर आईला सांगताना सदूने ऐकलं होतं.

रविवारची सकाळ होती. सुयोग खारी बुडवून खात होता, तेजल फोनमध्ये होती, इंदुबाई आत ओट्याशी. सदूला एक जुनं गाणं ऐकायचं होतं. मनात होतं, पण ओठावर येईना.

'मैना,' तो म्हणाला. डब्यावर निळा दिवा लागला. 'ते लाव. ते आपलं...'

मैना वाट बघत होती. सदू आठवत होता. आत सांडशी पातेल्याच्या कडेवर दोनदा वाजली.

'अवो, चा निवला.'

'ठीक आहे,' मैना म्हणाली. 'लकी लहरी यांचे आओ चानिवला लावत आहे.'

आणि टण टण झालं. आणि एक बाई म्हणाली, 'अवो, चा निवला.'

या वेळी घरात कुणाला 'आओ' ऐकू आलं नाही. आवाज तरणा होता, एवढंच. टण टणमधलं अंतर तेच, 'चा'वरची उडी तीच, 'निवला'चा शेवटचा वैताग तोच, तसूभर इकडे तिकडे नाही. सुयोगची खारी कपात तुटून पडली. तेजलने फोन उलटा करून ठेवला, आणि हे घरात पहिल्यांदाच घडलं.

इंदुबाई दारात आली. हातात सांडशी तशीच होती. तेजल मैनेला बंद करायला निघाली, तर इंदुबाईने मान हलवून नको सांगितलं. लहरी गायला, पिंकीला काय काय म्हणाला, आणि मध्यावर पुन्हा ती हाक आली. इंदुबाईने सांडशीकडे पाहिलं.

'खरंच की,' ती म्हणाली.

सदूने ज्याची एवढी वाट बघितली होती ते आलं, पण त्यात प्रश्न नव्हता. त्याला वाटलं होतं, हे घडलं की आपण उडी मारू, बघा म्हणू, परसराम शेठना फोन लावू. तसं काही झालं नाही. कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यावर मान जशी हलकी होते आणि मगच दुखायला लागते, तसं त्याला झालं. तो बसून राहिला.

सुयोग मात्र उठला. आईचा व्हिडिओ काढू, लहरीला टॅग करू, चॅनलवाले धावत येतील, आई, तू व्हायरल होशील. तेजलने, आई परत एकदा म्हणा ना, म्हणून फोन समोर धरला. इंदुबाई म्हणाली, घरातल्या हाका बाजारात मांडायच्या नसतात, आणि यांनी हे बाहेर कुणाला सांगितलं तर यापुढे चहा परसराम शेठकडेच प्यायचा. तेवढ्यावर विषय संपला.

संध्याकाळी दोघं गॅलरीत बसली होती. खाली कुणाच्या तरी मोटरसायकलवर तेच वाजत गेलं. इंदुबाई ते दूर जाईपर्यंत ऐकत राहिली.

'त्या दिवशी मग प्यालात का तो चा?' तिने विचारलं.

सदूकडे उत्तरं तयार होती. सदूकडे कधी उत्तरं नसत असं नाही. तो चहा देऊने प्यायला आणि म्हणून त्याचा गळा फुटला, हे त्याला त्याच क्षणी सुचलं होतं, आणि चांगलं होतं.

'नाही गं,' तो म्हणाला. 'तसाच राहिला.'

'वाटलंच.' ती मग म्हणाली, 'एवढ्या जगाला ऐकू गेलं. एक तुमी सोडून.'

त्यानंतर इंदुबाईने हाक मारणं बंद केलं.

रागाने नाही. मैना ऐकेल म्हणून, खालचे लोक ऐकतील म्हणून. आता आपलाच आवाज तिला परका झाला होता, ओट्याशी उभी राहिली की सांडशी कडेला लागू नये म्हणून जपायची. चहा झाला की ती स्वतः कप घेऊन यायची, सदूच्या हाताशी ठेवायची आणि न बोलता आत जायची. आलं घातलेला, वाफाळता. सदूने आयुष्यात एवढा गरम चहा प्यायला नव्हता. पहिल्याच दिवशी जीभ पोळली. मग रोज पोळायला लागली. पोळलेल्या जिभेने थापा मारता येत नाहीत, घर आणखी शांत झालं.

सकाळी गाडी यायची, टण टण व्हायचं, हाक यायची. सदूने उशी कपाटात ठेवून दिली. घरात न मिळणारी हाक आता कचऱ्याच्या गाडीवर ऐकावी लागत होती, आणि गाडी कुणासाठी थांबत नाही.

इंदुबाईचा दम होता, तरी एक दिवस न राहवून त्याने कॅम्पात जाऊन परसराम शेठना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, एक कणही न वाढवता. शेठ कव्हर पुसत शांतपणे ऐकत होते.

'सदूभाऊ,' ते शेवटी म्हणाले, 'ये वाली थोडी ढीली है. मछली वाली अच्छी थी.'

सदू घरी आला आणि गॅलरीत बसला. इंदुबाईने कप आणून ठेवला. त्याने हात लावला नाही. वाफ गेली. साय धरली. साईला सुरकुती पडली. इंदुबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आली, तिने कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

'काय झालं? बरं नाय वाटत?'

'बरं आहे.'

'मग चा?'

सदू लहान मुलासारखं खाली बघत बसला. खोटं बोलायला तो कधी लाजला नव्हता, पण हाकेशिवाय चहा जात नव्हता हे खरं होतं आणि सांगायला जड जात होतं. इंदुबाईने कप उचलला, कपडे खांद्यावर टाकले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदू तिथेच बसला होता. इंदुबाई बाहेरच्या खोलीत येऊन मैनेसमोर उभी राहिलेली त्याला काचेतून दिसली. तिने मैनेकडे बघितलं, मैनेने तिच्याकडे. मग इंदुबाईने वाकून भिंतीतून मैनेची पिन उपटली, वायर डब्याभोवती गुंडाळली आणि ओट्याशी गेली. बराच वेळ काही नाही. सदूला वाटलं, नुसतीच उपटली.

मग सांडशी पातेल्याच्या कडेवर दोनदा वाजली.

'अवो, चा निवला.'

मोकळ्या गळ्याने. घराला आग लागल्यासारखी. खिडकीतून ती हाक खाली रिक्षा स्टँडवर गेली आणि तिथे दोघांनी सवयीने दोनदा टाळी वाजवली, एकाने मानही वळवली. हे सदूने स्वतः वरून पाहिलं. मानायचं तर माना.

'आलो,' सदू म्हणाला. हा शब्द तो जन्मभर म्हणत आला होता आणि म्हणून बसत आला होता. पण आज तो उठला. गुडघ्याने कुरकुर केली तरी थांबला नाही, चप्पल सापडत नव्हती ती शोधली नाही, तडक ओट्यापाशी गेला, कप उचलला आणि तोंडाला लावला.

थंडगार होता.

'अगं,' सदू म्हणाला, 'हा तर निवलाय.'

इंदुबाईने सांडशी खुंटीला अडकवली.

'मग मी इतकी वर्सं काय वरडत्येय?'